बेअरिंग पत्र

माझ्या लहानपणी आमच्या घरी वर्षातून एक-दोनदा बेअरिंग पत्र येत असे. पाकिटावर तिकीट लावलेले नसले किंवा वजनाच्या मानाने कमी किमतीचे लावलेले असले, तर पोस्टमन ते दारात टाकून निघून जात नसे. जेवढे पैसे कमी पडले असतील त्याच्या दुप्पट रक्कम मोजल्यावरच ते पाकीट हातात पडे. आजी आधी वरचे अक्षर निरखून पाहायची, कोणाचे असेल याचा अंदाज घ्यायची आणि मगच घ्यायचे की परत पाठवायचे ते ठरवायची. पैसे भरून सोडवलेल्या पत्रातून काही कामाचे निघाले नाही, तर पाठवणाऱ्याचे नाव पुढे दोन दिवस घरात निघत असे. रागाचे कारण ते थोडेसे पैसे नव्हते. आपल्या बोलण्याचा खर्च न विचारता दुसऱ्यावर टाकणे ही गोष्टच तेव्हा असभ्यपणाची मानली जात होती.

मी १९९७ पासून एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा आणि तिथले नेटवर्क सांभाळते आहे, आणि गेली काही वर्षे आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचीही जबाबदारी माझ्याकडे आहे. या दोन्ही कामांत मला त्या बेअरिंग पत्रांची आठवण फार वेळा होते, कारण संगणकाच्या जाळ्यावरून जाणारा प्रत्येक संदेश थोडाफार बेअरिंगच असतो. पाठवणाऱ्याला वाटते की आपण तो फुकट पाठवला. प्रत्यक्षात त्याची किंमत दुसऱ्या टोकाला कोणीतरी भरत असते, आणि कित्येकदा ती अशा माणसाला भरावी लागते ज्याच्यापर्यंत तो संदेश कधी पोहोचलेलाही नसतो.

हा विचार माझा एकटीचा नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सच्या एका कार्यगटासाठी इंटेल कंपनीतील सॅली हॅम्ब्रिज यांनी जाळ्यावरच्या शिष्टाचाराची मार्गदर्शक सूचनावली लिहिली. आरएफसी नावाच्या इंटरनेटविषयक कागदांच्या मालिकेत ती आरएफसी १८५५ या क्रमांकाने ओळखली जाते. टपाल, दूरध्वनी किंवा दूरदर्शनसारखा प्रकार ई-मेलचा नाही, त्याच्या पोहोचवणुकीचा खर्च पाठवणारा आणि घेणारा यांच्यात साधारण निम्मा-निम्मा वाटला जातो, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यातल्या पुष्कळ सूचना याच एका गोष्टीतून निघालेल्या दिसतात. ५० किलोबाइटपेक्षा मोठी फाइल पाठवू नका, कोणी वैयक्तिक लिहिलेले पत्र त्याला विचारल्याशिवाय समूहात टाकू नका, पुढे पाठवताना मूळ शब्द बदलू नका, रागाच्या भरात लिहिलेले उत्तर एक रात्र थांबून मग पाठवा, आणि साखळी पत्रे तर कधीच पाठवू नका. ५० किलोबाइट हा आकडा आज वाचताना विचित्र वाटतो, कारण हातातल्या फोनने काढलेला साधा फोटोही त्याच्या कित्येक पट मोठा असतो. बाकीच्या सूचना मात्र आजही शब्दशः लागू पडतात.

त्या आकड्यामागचा अर्थ मला १९९९ च्या दिवाळीत कळला. आमच्या महाविद्यालयात तेव्हा ६४ केबीपीएसची एकच लीज्ड लाइन, म्हणजे इंटरनेटसाठी भाड्याने घेतलेली कायमची जोडणी, होती, म्हणजे सगळी लाइन एकाच्या वाट्याला आली तरी सेकंदाला आठ किलोबाइट जाणार. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी पणत्या हलताना दिसणारे दोन मेगाबाइटचे शुभेच्छापत्र देशोदेशीच्या चाळीस माजी विद्यार्थ्यांना एकाच वेळी पाठवले. एका प्रतीला चार मिनिटांहून अधिक वेळ लागणार होता आणि चाळीस प्रतींना जवळजवळ तीन तास. त्याच दुपारी शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आपल्या प्रबंधाचा सारांश पाच वाजायच्या आत पाठवण्यासाठी प्रयोगशाळेत बसली होती. तिच्या पडद्यावरची निळी पट्टी हलतच नव्हती, आणि ती दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे व मग माझ्याकडे पाहत होती. शेवटी मी सरांच्या खोलीत जाऊन त्यांना परिस्थिती सांगितली. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "अहो, मला वाटलं पत्रासारखं असतं, एकदा पेटीत टाकलं की गेलं." मग ते स्वतः माझ्याबरोबर आले, रांगेत उरलेल्या प्रती रद्द करायला सांगितल्या आणि त्या मुलीची सर्वांसमोर क्षमा मागितली. एवढ्या मोठ्या माणसाने असे करावे याचे मला तेव्हा फार कौतुक वाटले होते आणि अजूनही वाटते.

आता लाइन अडत नाही. मग घेणारा काय भरतो? या प्रश्नाचे उत्तर आरएफसी १८५५ च्याही आधीच्या एका कागदात आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या, आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅममुळे अमेरिकेतील इंटरनेटला जोडलेले हजारो संगणक ठप्प झाले होते. त्यानंतर जानेवारी १९८९ मध्ये इंटरनेटच्या विकासावर देखरेख करणाऱ्या इंटरनेट ॲक्टिव्हिटीज बोर्डाने इंटरनेटवर कोणते वर्तन अनैतिक समजावे याबद्दल एक छोटे निवेदन काढले. परवानगीशिवाय शिरकाव करणे, इतरांच्या खासगीपणाला बाधा आणणे वगैरे गोष्टी त्यात अपेक्षेप्रमाणे आहेतच. पण साधनसामग्री वाया घालवणे हेही अनैतिक ठरवताना त्यांनी कंसात साधनांची जी यादी दिली आहे, तिच्यात पहिला शब्द माणसे हा आहे, त्यानंतर क्षमता आणि शेवटी संगणक. जाळे उभे करणाऱ्या तंत्रज्ञांनी वाया जाणाऱ्या गोष्टींत माणसाला पहिले ठेवले. लाइन रुंद झाली, संगणक स्वस्त झाले, पण माणसाचा दिवस पूर्वीएवढाच राहिला आणि त्याचा विश्वास, त्याची भीती, त्याची झोप यांचेही काही वाढीव कोटे मिळालेले नाहीत.

साखळी पत्रांचेच पाहा. अमुक देवाच्या नावाने हे पत्र अकरा जणांना लिहा, लिहिलेत तर लाभ होईल, फाडलेत तर संकट येईल, अशी पोस्टकार्डे माझ्या पिढीतील बहुतेकांनी पाहिली आहेत. माझी मोठी मावशी अशी अकरा कार्डे भक्तिभावाने लिहायला बसल्याचे मला आठवते. कार्डांचे पैसे स्वतःचे, शाई स्वतःची आणि हातही स्वतःचा. सातव्या-आठव्या कार्डापाशी बोटे दुखू लागली की ती थांबायची आणि पुढचे कार्ड कोणाला लिहावे याचा खरोखर विचार करायची, आणि उरलेली दोन-तीन कार्डे तशीच कोरी राहून पुढे नेहमीच्या खुशालीच्या पत्रांना उपयोगी पडायची. पाठवणाऱ्याला पडणारा तो लहानसा त्रास हीच त्या पत्राच्या पायातील बेडी होती. बोटाच्या एका टिचकीने अडीचशे जणांना काहीही पाठवता येऊ लागले तेव्हा ती बेडी गळून पडली, आणि जो खर्च पूर्वी थोडातरी पाठवणारा उचलत होता तो सगळाच्या सगळा घेणाऱ्याच्या अंगावर गेला.

माझ्या हातून हे घडले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात एका रात्री मला एक संदेश आला. आज तातडीने ओ निगेटिव्ह रक्त हवे आहे, स्त्री रुग्ण आहे, कृपया जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा, आणि खाली एक मोबाइल क्रमांक. मी तो वाचता वाचताच दोन ग्रुपवर पाठवला आणि आपण चांगले काम केले अशा समाधानात झोपले. सकाळी चौकशी करावी म्हणून त्या क्रमांकावर फोन लावला. दुसऱ्या जिल्ह्यातील एका दुकानदाराने तो उचलला. मी विचारले, "काल रक्ताचा मेसेज आला होता. मिळालं का हो?" ते काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, ते २०१४ मधलं आहे. माझी बायको त्याच आठवड्यात गेली. सकाळपासून असा हा चौथा फोन." मी काय बोलावे हे मला सुचेना. क्रमांक का बदलला नाही, असे मी विचारलेही नव्हते, पण हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारला असावा, कारण ते आपणहूनच पुढे म्हणाले, "नंबर बदलायचा तरी कसा? दुकानाच्या पाटीवर हाच आहे, बँकेत हाच आहे, तिच्या माहेरी सगळ्यांना हाच पाठ आहे."

फोन ठेवल्यावर मी तो संदेश पुन्हा उघडून अक्षर अन् अक्षर वाचला. त्यात आज हा शब्द होता, पण तारीख नव्हती. तारीख नसलेला आज कधीच शिळा होत नाही, तो ज्या दिवशी वाचावा त्या दिवसाचा होतो. रुग्णालयाचे नाव होते, शहराचे नव्हते. गरज भागल्यावर कोणाला कळवायचे याचा उल्लेख नव्हता. तीन वर्षांपूर्वी घाबरलेल्या एका नवऱ्याने घाईत लिहिलेल्या त्या चार ओळींना मी दोष देऊ शकत नाही. तपासण्याचे काम माझे होते आणि त्याला एका फोनपेक्षा अधिक श्रम लागत नव्हते. मी तो फोन केलाही, पण पाठवण्याआधी करायचा तो पाठवल्यानंतर केला. त्याच दिवशी दोन्ही ग्रुपवर मी लिहिले की हा संदेश जुना आहे, त्या क्रमांकावर कृपया फोन करू नका आणि ज्यांनी तो पुढे पाठवला असेल त्यांनी तिथेही हे कळवावे. पुढे पाठवलेल्यांपैकी किती जणांनी ते कळवले हे मला समजण्याचा मार्ग नव्हता.

त्यानंतरच्या वर्षी जे घडले ते याहून फार भयंकर होते. २०१८ च्या मे-जूनमध्ये मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा देशाच्या अनेक भागांत पसरल्या. मोटारसायकलवरून आलेली दोन माणसे खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलून नेतात, असे एक चित्रण त्यांच्यासोबत फिरत होते. ते मुळात कराचीतील रोशनी या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेल्या जनजागृतीच्या चित्रफितीचा भाग होते. मूळ चित्रफितीत ती माणसे परत येऊन मुलाला सोडतात आणि एक फलक उघडून दाखवतात. हा शेवटचा भाग कोणीतरी कापला होता. कापणारा कोण हे कोणाला माहीत नाही. पण कापलेले चित्रण लाखो लोकांपर्यंत गेले ते लाखो बोटांनी पाठवले म्हणून.

त्या जूनच्या अखेरच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वरून काढलेला. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला जुन्या कपड्यांचे गाठोडे आणि हाताला सहा-सात वर्षांची एक मुलगी. खाली लिहिले होते की सावध राहा, ही बाई लहान मुलीला घेऊन फिरते आहे, मूल तिचे वाटत नाही. फोटोत चेहरा अर्धाच दिसत होता, पण मी तिला पाटीवरून ओळखले, कारण पाटीच्या काठाला तिने हिरव्या चिंधीने बांधलेली गाठ मी अनेकदा पाहिली होती. ती आमची बोहारीण होती. दहा-अकरा वर्षे ती दर दोन-तीन महिन्यांनी येत असे, माझ्या सासूबाईंच्या विरलेल्या नऊवारींवर स्टीलचे डबे देत असे, आणि तासभर घासाघीस करून झाल्यावर आमच्याच पायरीवर बसून चहा पीत असे. बरोबरची मुलगी तिची नात होती. मी तिला झोळीत असल्यापासून पाहत आले होते.

मी कामावर होते आणि फोन खणात होता, त्यामुळे हे सगळे माझ्या नजरेस पडायला चाळीस मिनिटे गेली. तेवढ्या वेळात तो फोटो आसपासच्या आणखी तीन सोसायट्यांच्या ग्रुपवर पोहोचला होता. पुढच्या इमारतीच्या फाटकाशी रखवालदाराने तिला अडवले, पंधरा-वीस माणसे जमली, कोणी पाटी खाली ठेवायला लावली, कोणी मुलीला बाजूला घेऊन तुझे नाव काय, ही तुझी कोण, असे विचारू लागले. मुलगी रडू लागली आणि तिचे रडणे हाच पुरावा ठरू लागला. त्या इमारतीतील एक निवृत्त गृहस्थ खाली आले, त्यांनी तिला ओळखले, दोघींना आपल्या घरी नेऊन पाणी दिले आणि जमलेल्यांना घरी जायला सांगितले, म्हणून ते प्रकरण तिथेच थांबले. फोटो टाकणारी आमच्याच इमारतीतील एक तरुण आई होती. तिच्याबद्दल मी आजही कडवट बोलणार नाही. दोन लहान मुलांची ती आई आठवडाभर ते चित्रण पाहून खरोखर घाबरलेली होती. मी फोन केल्यावर तिने लगेच फोटो सर्वांसाठी काढून टाकला. पण ती सोय आपण टाकलेल्या ग्रुपपुरतीच चालते. इतरांनी उचलून दुसरीकडे नेलेल्या प्रतींवर तिचा हात पोहोचत नव्हता.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. ती माणसे सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागाकडून भिक्षा मागत पोटासाठी तिथवर आली होती. त्याच रात्री आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावात दोन वर्षांच्या मुलासह पाच जणांच्या कुटुंबाला पोलिसांनी आणि काही स्थानिक रहिवाशांनी जमावाच्या हातून वाचवले. सोमवारी वर्तमानपत्र उघडले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हिरव्या चिंधीची ती पाटी आली. आमच्या आणि राईनपाड्याच्या मध्ये एका निवृत्त गृहस्थांच्या ओळखीपेक्षा जास्त काही नव्हते. ते त्या दुपारी झोपलेले असते तर काय झाले असते, याचा विचार मला आजही करवत नाही.

त्या बाईकडे फोन होता तो साधा, बटणांचा. तिच्याबद्दल काय लिहिले गेले ते तिने कधी पाहिले नाही. ते पत्र तिला आलेच नव्हते, तरी दंड तिने भरला. त्यानंतर ती आमच्या गल्लीत आली नाही. सासूबाईंच्या कपाटात चार नऊवारी घडी करून ठेवलेल्या आहेत.

राईनपाड्यानंतर त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. जानेवारी २०१९ मध्ये ती मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले गेले, आणि त्यामुळे अशा संदेशांचा प्रसार सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. या उपायात कोणताही मजकूर तपासला जात नाही, कोणाला अडवले जात नाही, पाठवणाऱ्याला फक्त थोडा जास्त त्रास पडतो. माझ्या मावशीची आठव्या कार्डापाशी दुखणारी बोटे, तीच ही.

याहून अधिक काही मधला कोणी करू शकेल अशी अपेक्षा आपण ठेवू नये. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचे संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, मध्ये कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. खासगीपणाच्या दृष्टीने हे योग्यच आहे आणि मला ते हवे आहे. पण याचाच अर्थ असा की पाकीट थांबवून, हे बेअरिंग आहे, घ्यायचे का, असे विचारणारा पोस्टमन आता वाटेत कुठेही उभा नाही. विचारायचे ते पाठवणाऱ्याने स्वतःलाच. कायद्याच्या अंगानेही ग्रुप चालवणाऱ्यावर सरसकट भार टाकलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात म्हटले की, सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू नसेल तर, ग्रुपच्या ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. हा निर्णय मला न्याय्य वाटतो. तरीही कायदा मला पकडणार नाही एवढ्यावर मी खण बंद करून चाळीस मिनिटे निश्चिंत राहू शकत नाही.

आले तसे पुढे पाठवले, असे वर लिहून काहीही पाठवण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयी माझे मत ठाम आहे. त्या चार शब्दांनी कोणाचीही सुटका होत नाही. पाहुण्याच्या पानात आपण शिळे-ताजे न पाहता, शेजारून आले तसे वाढले, असे म्हणत नाही. शंका असेल तर तो संदेश थांबवायचा असतो, शंकेसकट पाठवायचा नसतो. पुढे पाठवल्याची खूण दिसू नये म्हणून मजकूर नक्कल करून स्वतःचा असल्यासारखा चिकटवणे हे तर त्याहून वाईट, कारण मजकूर कुठून आला याचा एकमेव धागाही त्याने तुटतो.

चूक दाखवून देणे हे सर्वांत नाजूक काम आहे. ग्रुपवर एखाद्या काकांनी पाठवलेला औषधोपचाराचा खोटा संदेश मी पूर्वी तिथेच, पुराव्यानिशी, खोडून काढत असे. त्यातून काकांचे मत बदलल्याचे मला एकदाही दिसले नाही. चारचौघांत पाणउतारा झाला म्हणून ते अधिकच हट्टाला पेटत. आता मी फोन करते. "काका, तुम्ही पाठवलेलं वाचलं. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, ते वेगळं सांगतात, तुम्हीच ग्रुपवर लिहाल का?" असे म्हटले की बहुतेक जण स्वतःच दुरुस्ती करतात. मात्र ज्या संदेशाने कोणाच्या जिवाला किंवा अब्रूला धक्का लागू शकतो, त्याच्या बाबतीत हे सौजन्य पाळायला वेळ नसतो. तिथे आधी ग्रुपवर, कोणाचे नाव न घेता, हे खरे नाही, पुढे पाठवू नका, असे लिहायचे आणि मग फोन करायचा. आणि दुरुस्ती त्याच वाटेने गेली पाहिजे ज्या वाटेने चूक गेली. पाच ग्रुपवर टाकलेली अफवा एका ग्रुपवर मागे घेऊन भागत नाही.

आपल्या घराचे कुलूप हीसुद्धा दुसऱ्यांची काळजी आहे, हे आमच्या इमारतीतील एका मावशींच्या अनुभवावरून सगळ्यांना कळले. ओळखीच्या नावाने आलेल्या संदेशाला भुलून त्यांनी आपल्या फोनवर आलेला व्हॉट्सॲपचा सहा आकडी सांकेतिक क्रमांक कळवला आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या नावाने भाचे-पुतण्यांकडे पैसे मागितले जाऊ लागले. लोकांनी विश्वास ठेवला तो मावशींवर. त्यानंतर आम्ही एका रविवारी ज्येष्ठांना एकत्र बसवून प्रत्येकाच्या फोनवर दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे त्या क्रमांकाशिवाय आपण ठरवलेला गुप्त पिनही विचारणारी सोय, चालू करून दिली, आणि तो क्रमांक मुलाने मागितला तरी सांगायचा नाही, असे त्यांच्याकडून म्हणवून घेतले.

सोसायटीच्या ग्रुपवर अनोळखी व्यक्तीचा फोटो टाकायचा नाही, शंका आली तर आधी रखवालदाराला आणि समितीला फोन करायचा, आणि मदतीच्या आवाहनावर तारीख व शहर नसेल तर ते घेतले जाणार नाही, असे आम्ही बैठकीत ठरवले. फोटो टाकणाऱ्या त्या तरुण आईनेच हा ठराव मांडला होता.

त्या दुकानदारांचा क्रमांक मी माझ्या फोनमध्ये जपून ठेवला आहे. रक्ताचे कोणतेही आवाहन आले की मी आधी तो क्रमांक ताडून पाहते. गेल्या मार्चमध्ये नात्यातल्या एका ग्रुपवर तोच संदेश पुन्हा आला, त्याच चार ओळी, तोच आज. मी तिथे लिहिले की ही विनंती २०१४ ची आहे, त्या बाई हयात नाहीत, कृपया त्यांच्या यजमानांना फोन करू नका. मग तो पाठवणाऱ्या माझ्या चुलत दिरांना फोन केला आणि त्यांना तो कुठून आला ते विचारले. त्यांनी नाव सांगितले. मी त्यांनाही फोन लावला.